इस्कंदरियाचं ग्रंथालय आणि माझं चुकलेलं उत्तर

पाचवा रोजा होता. टी.वाय.च्या वर्गावर शेवटचा तास. उन्हाने खिडकीचे गज तापलेले, घसा कोरडा, आणि फळ्यावर मी लिहिलेलं शहराचं नाव : अलेक्झांड्रिया. उर्दूत आम्ही त्याला इस्कंदरिया म्हणतो. सिकंदराने इ.स.पूर्व ३३१ मध्ये वसवलेलं, भूमध्य समुद्राच्या काठावरचं इजिप्तचं बंदर. ग्रंथालयाचा उल्लेख आला तसा मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक विचारू?"

त्याने मोबाईल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला मजकूर होता. अरबांनी इजिप्त जिंकल्यावर तिथल्या पुस्तकांचं काय करायचं, असं सेनापतीने मदिनेला विचारलं. खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी उलट कळवलं की, ती पुस्तकं कुराणाशी जुळत असतील तर त्यांची गरज नाही, जुळत नसतील तर ती घातक आहेत, तेव्हा दोन्ही बाजूंनी जाळूनच टाका. मग ती शहरातल्या चार हजार हमामांना सरपण म्हणून वाटली आणि त्यावर सहा महिने अंघोळीचं पाणी तापत राहिलं. खाली आजच्या राजकारणावर दोन ओळी होत्या. त्या इथे लिहीत नाही.

पोरगा वाईट नाही. त्याच्या डोळ्यांत खोडसाळपणा नव्हता, शंका होती. मी मात्र चिडले. रोजाचा राग म्हणा, रोज कुठे ना कुठे काहीतरी खुलासा करत राहण्याचा कंटाळा म्हणा. मी म्हटलं, "साफ खोटं आहे. ते ग्रंथालय ख्रिश्चनांनी जाळलं होतं." आणि घंटा झाली.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिच्या घरचे दर रविवारी चर्चला जातात. नाताळात तिच्या आईने केलेला केक माझ्या घरी येतो. तिने वही मिटली, ओढणी सारखी केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

इफ्तारला खजूर तोंडात घालताना तीच डोळ्यांपुढे होती. एका समाजावरचा आळ पुसायला मी तोच आळ उचलून दुसऱ्या समाजाच्या अंगावर टाकला होता, आणि तोही इतिहासाच्या तासाला, पगार घेऊन. म्हणून आज या पानावर रोजाचे आरोग्यदायी फायदे किंवा खजुराचे प्रकार लिहीत नाही. ते बाकीचे लिहितीलच. वर्गाला जे उत्तर द्यायला हवं होतं ते लिहिते.

आधी त्या हमामांचा हिशेब करू, कारण तो फळ्यावर खडूने करता येतो. प्राचीन लेखकांनी या ग्रंथालयातल्या गुंडाळ्यांचा जो सर्वांत फुगवलेला आकडा दिला आहे तो सात लाखांचा. चार हजार हमाम आणि सहा महिने, म्हणजे १८० दिवस. गुणाकार ७,२०,०००. म्हणजे एका हमामाच्या वाट्याला दिवसाला एक गुंडाळीसुद्धा येत नाही. तेवढ्यावर चहाचं आधणही येणार नाही. चार हजार हा आकडा कुठून आला तेही कळतं. शहर जिंकल्यावर सेनापती अम्र बिन आस यांनी खलिफांना पाठवलेल्या वर्णनाची एक आख्यायिका अरबी ग्रंथांत आहे. तीत चार हजार वाडे, चार हजार हमाम, चाळीस हजार यहुदी असे गोल गोल आकडे आहेत. पुढे कुणीतरी तिथलेच हमाम उचलले आणि त्यांत पुस्तकं घातली.

दुसरी अडचण माणसाची. या कथेत अम्र यांच्याकडे पुस्तकं मागायला जो विद्वान जातो त्याचं नाव याह्या अन-नहवी, म्हणजे ग्रीकांचा जॉन फिलोपोनस. हा खराखुरा माणूस, मोठा भाष्यकार. पण त्याचं लेखन सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं आहे. अरब शहरात आले ६४२ मध्ये. तोवर तो जिवंत असता तर दीडशे वर्षांचा झाला असता.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. अरब विजयानंतर काही दशकांतच निकिऊचा बिशप जॉन याने त्या काळाचा इतिहास लिहिला. तो कॉप्टिक ख्रिस्ती. अरबांबद्दल त्याच्या लिखाणात गोड शब्द फारच थोडे आहेत. लूट, कर, जुलूम सगळं आहे. ग्रंथालय जाळल्याचं मात्र त्यात नाही. नवव्या शतकात इब्न अब्दुल हकम याने इजिप्तच्या विजयावर आख्खा ग्रंथ लिहिला, त्यातही नाही. ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर दिसते ती इ.स. १२०० च्या आसपास, घटनेनंतर साडेपाचशे वर्षांनी. शिवाजी महाराजांच्या काळातली एखादी घटना आज २०२० नंतर पहिल्यांदा कुणी लिहिली, तर आपण विचारू की इतके दिवस कुठे होतात? आणि इथे तर तेवढाही काळ नाही, त्याहून दोनशे वर्षं जास्त आहेत.

आता इथे माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्ट. ही कथा कुणा शत्रूने रचलेली नाही. पहिला उल्लेख अब्दुल लतीफ बगदादी यांचा, पूर्ण कथा इब्न अल-किफ्ती यांची. दोघेही मुसलमान, दोघेही विद्वान. नंतर सिरियन ख्रिस्ती धर्मगुरू बार हिब्रियस याने ती घेतली आणि त्याच्या ग्रंथाचा एडवर्ड पोकॉकने १६६३ मध्ये लॅटिन अनुवाद केला, तेव्हा युरोपला ती कळली. मुसलमान लेखकाने खलिफांविषयी असं का लिहावं? इतिहासकार बर्नार्ड लुईस यांनी एक तर्क मांडला आहे. सुलतान सलाहुद्दीन यांनी ११७१ नंतर कैरोतलं फातिमी खलिफांचं प्रचंड ग्रंथभांडार मोडून विकलं. त्या कृत्याला जुना, पवित्र दाखला मिळावा म्हणून ही कथा त्या काळात चालली असेल. तर्कच आहे, पुरावा नाही. पण पटण्यासारखा आहे. खोट्या गोष्टी घरातही जन्मतात, एवढं मान्य करायला हरकत नसावी.

गिबनने अठराव्या शतकात या कथेवर अविश्वास दाखवला. आल्फ्रेड बटलर या इंग्रज अभ्यासकाने १९०२ मध्ये तिचा एकेक सांधा सुटा केला. त्यांच्या मधल्या काळात आपल्याकडे शिबली नोमानींनी उर्दूत याच विषयावर निबंध लिहिला. माझे अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. फडताळात वरच्या कप्प्यात शिबली असत, खाली शाळेची हजेरीपुस्तकं. "जाळलं ते आपण नव्हे, ते आधीच जळालं होतं," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. "मग कुणी जाळलं?" याचं उत्तर मी त्या दिवशी वर्गात दिलं ते. अब्बांनी मला अर्धंच सांगितलं होतं की मी अर्धंच लक्षात ठेवलं, हे विचारायला आता ते नाहीत.

तर कुणी जाळलं?

त्यासाठी हे शहर काय होतं ते पाहावं लागेल. समोर फारोस नावाचं बेट, ते मुख्य भूमीला लांब बांध घालून जोडलेलं. बांधामुळे दोन्ही बाजूंना दोन बंदरं तयार झाली. मागे मारयूत सरोवर, तिथून कालव्याने नाईल नदी. म्हणजे आफ्रिकेच्या पोटातला माल मागच्या दाराने यायचा आणि पुढच्या दाराने समुद्रावर जायचा. बेटावर इ.स.पूर्व २८० च्या सुमारास शंभर मीटरहून उंच दीपस्तंभ उभा राहिला. सिकंदराच्या सेनापतीचा वंश, टॉलेमी राजे, तिथून तीनशे वर्षं राज्य करत होते. त्यांनी विद्वानांना पगार देऊन ठेवलं, जेवणखाण दिलं आणि पुस्तकं गोळा केली. गोळा करण्याची रीत गमतीची होती. वैद्य गॅलेन सांगतो की, बंदरात येणाऱ्या जहाजांवर पुस्तकं सापडली की ती उतरवून घेत, नक्कल करत आणि मालकाला नक्कल परत देत. मूळ प्रत सरकारजमा! ग्रंथपालांमध्ये एराटोस्थेनिस होता, ज्याने विहिरीत पडणारं ऊन आणि सावलीचा कोन यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. युक्लिडने भूमिती इथेच रचली. यहुद्यांच्या धर्मग्रंथाचा ग्रीक अनुवाद इथेच झाला.

या ग्रंथालयाला पहिला मोठा फटका आगीने बसला नाही. इ.स.पूर्व १४५ मध्ये आठव्या टॉलेमीने गादीच्या भांडणात विरोधी बाजूला असलेल्या विद्वानांना शहराबाहेर घालवलं. ग्रंथपाल अ‍ॅरिस्टार्कस सायप्रसला गेला. ज्यांना पुस्तकं वाचता येत होती तेच गेले. पुढे इ.स.पूर्व ४८ मध्ये ज्युलियस सीझर बंदरात अडकला आणि त्याने शत्रूच्या जहाजांना आग लावली. ती पसरून ग्रंथालयापर्यंत गेली असं प्लुटार्क लिहितो. किती पुस्तकं गेली यावर आजही वाद आहे. सन २७२ च्या सुमारास रोमन सम्राट ऑरेलियनच्या लढाईत राजवाड्यांचा आख्खा भाग उद्ध्वस्त झाला. जुनं ग्रंथालय होतं ते त्याच भागात.

उरलं सेरापियम, सेरापिस देवाचं मंदिर, जिथे शाखा ग्रंथालय होतं. ३९१ मध्ये बिशप थिओफिलसच्या काळात ख्रिस्ती जमावाने आणि शिपायांनी ते पाडलं. माझं वर्गातलं उत्तर या घटनेवर उभं होतं. पण मंदिर पाडल्याची वर्णनं आहेत, तशी त्या वेळी तिथे पुस्तकं होती आणि ती जाळली, याची स्पष्ट साक्ष नाही. त्याच काळातला इतिहासकार अम्मियानस सेरापियममधल्या ग्रंथालयांबद्दल लिहितो तो भूतकाळात. म्हणजे मी सांगितलं तेही सिद्ध झालेलं नाही.

४१५ मध्ये हायपेशियाला जमावाने मारलं हे मात्र खरं. गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणारी बाई, भर रस्त्यातून ओढून नेली आणि चर्चमध्ये ठार केली. हे आपल्याला कुणी सांगितलं? सॉक्रेटिस नावाच्या इतिहासकाराने. तो स्वतः ख्रिस्ती होता आणि या कृत्याने आपल्या चर्चला काळिमा लागला, असा त्याचा रोख आहे. हायपेशियाचा सर्वांत लाडका शिष्य सिनेसियस पुढे बिशप झाला आणि शेवटपर्यंत तिला पत्रं लिहीत राहिला. मारणारेही ख्रिस्ती, पत्रं लिहिणाराही ख्रिस्ती, साक्ष ठेवणाराही ख्रिस्ती. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं.

बाकी पुस्तकांचं बहुतेक हवेने केलं. ती पपायरसवर होती. वाळवंटात पपायरस हजारो वर्षं टिकतो, समुद्राच्या दमट वाऱ्यात नाही. दर काही पिढ्यांनी नव्याने नक्कल केली तरच मजकूर जगतो. नक्कल करणाऱ्याचा पगार थांबला की पुस्तक संपलं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक खोली आहे, पावसाळ्यात तिथली भिंत पाझरते. तिथे काय जातंय ते मी दरवर्षी बघते, आणि तिथे कुणी खलिफा आलेला नाही.

६४१ च्या नोव्हेंबरात तह झाला. अकरा महिन्यांची मुदत होती. ज्यांना जायचं त्यांनी सामानसुमान घेऊन समुद्रमार्गे जावं, राहतील त्यांनी कर द्यावा. मौल्यवान ग्रंथ कुणाकडे असलेच तर न्यायला पुरेसा वेळ होता, असं बटलर म्हणतात. बायझंटाइन सत्तेच्या छळामुळे कित्येक वर्षं लपून राहिलेले कॉप्टिक धर्मप्रमुख बेंजामिन यांना अम्र यांनी अभय देऊन परत बोलावलं, हे कॉप्टिक परंपराच सांगते. इजिप्तशी आमचं नातं तसंही घरचं मानलं जातं. हजरत इब्राहिम यांच्या पत्नी हजरत हाजरा तिकडच्या. इस्कंदरियाच्या मुकौकिसने पैगंबरांकडे (स.) पाठवलेल्या हजरत मारिया याही कॉप्ट, त्यांच्या पोटचे पुत्र इब्राहिम लहानपणीच गेले. म्हणून इजिप्तच्या लोकांशी चांगलं वागा, त्यांच्याशी आपलं नातं आहे, अशी शिकवण हदीसमध्ये येते. पण सगळं गोडीगुलाबीने झालं असंही लिहिणार नाही. ६४५ मध्ये बायझंटाइन आरमाराने शहर परत घेतलं तेव्हा अम्र यांनी ते लढून जिंकलं आणि शहराची तटबंदी पाडली. राजधानी आतल्या भागात, फुस्तातला गेली. हजार वर्षांचं राजधानीपण संपलं, फक्त बंदर राहिलं.

आणि पुस्तकं? ती बगदादला पुन्हा उगवली. हा भाग शिकवताना माझा तास नेहमी दहा मिनिटं लांबतो.

युक्लिडच्या भूमितीचा अरबी अनुवाद हज्जाज बिन मतर यांनी खलिफा हारून रशीद यांच्या काळात केला आणि मामून यांच्या काळात पुन्हा एकदा. पुढे इसहाक बिन हुनैन यांनी नवा अनुवाद केला. हे घराणं नेस्टोरियन ख्रिस्ती. तो तपासला साबित बिन कुर्रा यांनी. ते हर्रानचे, ग्रहताऱ्यांना मानणाऱ्या साबी पंथाचे. इस्कंदरियाचाच दुसरा मोठा ग्रंथ म्हणजे खगोलज्ञ टॉलेमीचा (हा राजा नव्हे, नाव तेवढं सारखं). त्याला आज जग 'अल्माजेस्ट' म्हणतं, आणि त्यातला 'अल' कुठला हे सांगायला नको. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी दोन्ही ग्रंथ पुन्हा संपादित केले.

तूसींच्या त्या अरबी प्रती अठराव्या शतकात जयपूरला सवाई जयसिंहांच्या पदरी असलेल्या एका ब्राह्मण पंडितासमोर उघडल्या गेल्या. नाव जगन्नाथ सम्राट. मूळचे महाराष्ट्रातले असं परंपरा सांगते. त्यांनी अरबी-फारसीचा अभ्यास केला आणि युक्लिड संस्कृतात आणला. ग्रंथाचं नाव 'रेखागणित'. अल्माजेस्टचंही त्यांनी संस्कृत केलं, तो 'सम्राट सिद्धान्त'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'रेखागणित' मुंबईत छापलं गेलं. म्हणजे इस्कंदरियात ग्रीकमध्ये लिहिलेलं पुस्तक ख्रिस्ती आणि साबी माणसांनी बगदादला अरबीत नेलं, इराणच्या मुसलमानाने सांभाळलं आणि मराठी ब्राह्मणाने संस्कृतात उतरवलं. ज्या पोराने मला मेसेज दाखवला त्याचा भूमितीत हात चांगला आहे, असं त्याचे शाळेचे सर सांगतात. त्याच्या दहावीच्या पुस्तकातले कितीतरी प्रमेय याच वाटेने आले.

आपल्याला हे शहर दूरचं वाटतं, पण आपल्या बाजूने ते ओळखीचं होतं. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'तुरमय' राजाचं नाव आहे. तो इस्कंदरियाचा दुसरा टॉलेमी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. तीत सोपारा आहे, चौल आहे, कल्याण आहे. कल्याणला उतरणारी ग्रीक जहाजं पहारा बसवून भडोचला नेतात, अशी तक्रारही आहे. बंदरातला त्रास तेव्हाही होता! आणि मराठवाड्यातल्या वाचकांनी कान द्यावा : भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, जिथून तऱ्हतऱ्हेचं कापड गाड्यांवरून भडोचला येतं. तगर म्हणजे आपलं तेर. गोरोबाकाकांचं तेर. तिथल्या मातीत सापडलेली हस्तिदंती बाहुली रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे; तशीच एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. हा माल लाल समुद्राच्या बेरेनिके किंवा मायॉस हॉर्मॉस बंदरात उतरे, उंटांवरून नाईलपर्यंत जाई आणि नदीने इस्कंदरियाच्या वखारीत पोहोचे. तिथे रोमचे अधिकारी चौथा हिस्सा जकात घेत. बेरेनिकेच्या उत्खननात अलीकडे संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. इस्कंदरियाचा ख्रिस्ती पंडित क्लेमंट इ.स. २०० च्या आसपास बुद्धाचं नाव घेतो.

जकातीवरून इब्न जुबैर आठवले. अंदलूसचे हे गृहस्थ हजला निघाले आणि ११८३ मध्ये इस्कंदरियाला उतरले. आले कुठल्या जहाजातून? जिनोआच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या. क्रुसेडची युद्धं चालू असताना! धक्क्यावर जकातीच्या माणसांनी हाजींच्या गाठोड्यांत हात घातले, कमरेचे पट्टे चाचपले, शपथा घ्यायला लावल्या, गर्दीत सामान गहाळ झालं. इब्न जुबैर वैतागून लिहितात आणि वर म्हणतात की, सुलतानाच्या कानावर हे गेलं नसावं. आपणही असंच म्हणतो. पण त्याच पानांत ते दुसरंही लिहितात : परक्या प्रवाशांसाठी राहायची सोय, हमाम, दवाखाना, आणि वाटसरूंना माणशी रोज दोन भाकऱ्या, कितीही माणसं येवोत. इफ्तारच्या वेळी आमच्या मशिदीसमोर बसस्टँडवरचे चार परके लोक दस्तरखानावर येऊन बसतात, त्यांना कुणी नाव विचारत नाही, तेव्हा मला त्या दोन भाकऱ्या आठवतात. त्याच शहरात पुढच्या शतकात इमाम बुसीरी राहिले. त्यांचा कसीदा बुर्दा कोकणातल्या कितीतरी घरांत तोंडपाठ आहे. तो इस्कंदरियात निजलेल्या माणसाचा आहे हे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसतं.

१३२६ मध्ये इब्न बतूता आले तेव्हा दीपस्तंभाची एक बाजू ढासळली होती. तिथल्या एका बुजुर्गाने त्यांना सांगितलं की तू हिंद आणि चीनला जाशील. गेलेही. १३४९ मध्ये परतले तेव्हा स्तंभ इतका पडला होता की आत शिरता येईना. त्याच्याच जागेवर १४७७ मध्ये सुलतान कायितबे यांनी किल्ला बांधायला घेतला, तो आजही आहे. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि मिऱ्यांची वाट आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. इजिप्तच्या सुलतानाच्या पोटावरच पाय आला. त्याने आरमार पाठवलं आणि १५०८ मध्ये अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगीजांना हरवलं, ते आपल्या चौलच्या खाडीत. पुढच्याच वर्षी दीवला ते हरले. नेपोलियन १७९८ मध्ये उतरला तेव्हा इस्कंदरिया काही हजार वस्तीचं गाव उरलं होतं. कालवा, कापूस, ग्रीक, इटालियन, यहुदी व्यापारी यांनी ते एकोणिसाव्या शतकात पुन्हा भरलं, आणि १९४८ नंतरच्या युद्धांनी यहुदी आणि मग बहुतेक परके गेले. ते कुणी जाळलं नाही. दरवाजे बंद होत गेले.

२००२ मध्ये तिथे समुद्राकाठी नवं ग्रंथालय उघडलं. २०११ च्या जानेवारीत देशभर दंगल, लूट चालू असताना शहरातली तरुण मुलं-मुली हातात हात घालून त्या इमारतीभोवती उभी राहिली. तो फोटो मी जपून ठेवला आहे. मी इस्कंदरियाला गेलेले नाही. प्राध्यापकाच्या पगारात उमराहचेच पैसे जमताहेत.

सोमवारी वर्गात गेले आणि आधी म्हटलं, "परवा मी चुकीचं उत्तर दिलं." मग हमामांचा गुणाकार फळ्यावर केला, आणि सेरापियम, आणि हायपेशिया, आणि तिला पत्रं लिहिणारा बिशप. तिसऱ्या बाकावरची मुलगी लिहून घेत होती. तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन तिने सिनेसियसचं स्पेलिंग विचारलं, तेवढंच.

ईदनंतरच्या रविवारी तेरला जायचं ठरलं आहे. एस.टी.चे पैसे तो मेसेजवाला मुलगाच गोळा करतो आहे, आणि मॅडमनी शीरखुर्मा आणला नाही तर येणार नाही, अशी त्याची अट आहे. ईदच्या चौथ्या दिवशी शीरखुर्मा टिकत नाही, हे मी त्याला दोनदा सांगून झालं.